मांजरपाट

प्रिय ताई,

काल आत्याला माती देऊन आम्ही परत आलो. जिच्यावरून तिला नेलं ती कापायची फळी धुऊन दुकानात भिंतीला टेकवली आहे, ती वाळते आहे. उद्या तिच्यावर शाळेचे गणवेश कापायचे आहेत. ऑर्डर आधीची आहे आणि शाळेला आपल्या घरात काय झालं याच्याशी देणंघेणं नाही. काल मी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालीस, मेलेल्या माणसाने मयताला कसं यायचं? मग एकच विचारलंस, माझा कपडा तिच्याबरोबर घालणार आहात ना? मी म्हटलं, नंतर सांगते. काकू शेजारी उभी होती. तिला डोळ्यांनी धड दिसत नाही, पण कान कसे आहेत तुला माहीत आहे. आता काकू तिच्या घरी गेली आहे आणि मी एकटी आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे, पण तो शब्द नुसता लिहिला तर तुला खरा वाटणार नाही. म्हणून क्रमाने सांगते.

गेले काही आठवडे आत्या आतल्या खोलीत पडूनच होती. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभराची कापडाची धूळ छातीत बसली आहे. आत्या म्हणाली, मग कापूस निघतोय का बघा, उशीत भरायला होईल. त्यानंतर तिचं बोलणं कमी कमी होत बंद झालं. हात चालू राहिले. चादरीची कड दोन बोटांत धरायची, अंगठ्याने दुमडायची, पुढे सरकायचं. टोकाला पोचली की पुन्हा पहिल्यापासून. मी चादर बदलली की नव्या चादरीवर तेच. मध्ये एकदाच तिने मला हाक मारली, अगदी दुकानातून मारायची तशी, आणि म्हणाली, ठोकळा पुसून ठेव. तुला तो आठवत असेल. गिऱ्हाइकाला ज्यावर उभं करून खालचा घेर आखायचा तो लाकडी ठोकळा. किती वर्षं झाली, तो टेबलाखाली उपडा पडला आहे. आत्याला खाली वाकून बसवेना तेव्हापासून आम्ही गिऱ्हाइकाला जमिनीवरच उभं करून काम भागवतो. मला वाटलं भ्रम झाला. मी हो म्हटलं आणि पुसला नाही. काल सकाळी चादरीवरचे हात थांबले.

काकू आली ती आत्याकडे जायच्या आधी आरशाकडे गेली. ट्रायलचा आरसा तिने भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग मशीनचा पट्टा काढायला लावला, कात्र्या मिटून फडक्यात बांधायला लावल्या. दुकान एका घटकेत मुकं झालं. बायका येऊन भिंतीकडेने बसल्या. तेवढ्यात एक नवरी आणि तिची आई ट्रायलला आल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. आईने पाठमोरा आरसा बघितला, आम्हाला बघितलं, तोंडावर हात ठेवला, हळहळली. जाता जाता दारातून मला म्हणाली, बाही जरा आखूड करायची होती हो, सांगू का कुणाला? मी म्हटलं, मलाच सांगा. ती नीट सांगून गेली. काकू म्हणाली, लोकांना लाज म्हणून राहिली नाही. आत्या असती तर तिने त्यांना परत बोलावून बाहीवर खूण करून घेतली असती.

तिला आम्ही तिघींनी धुतलं. काकू, समोरची इस्त्रीवाली आणि मी. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक शिंगासारखं कडक झालं होतं. पाणी त्यावर थांबत नव्हतं. इस्त्रीवालीने ते बोट जरा जास्त वेळ हातात धरलं. तिच्या हातांवरचे चटके आणि ते बोट, दोन्ही एकाच जातीची दिसत होती. मग माप. मेलेल्याला टेप लावायचा नसतो, वितीने मोजायचं असतं. मला आत्या नेहमी उंच वाटायची. माझ्या वितींत ती इतकी लवकर संपली, की मी पुन्हा मोजलं.

तिचा कपडा मी शिवला. घरात दुसरं कोण आहे? मांजरपाट आणला, फळीवर पसरला, वितीच्या मापाने कापला. तुला शिवणाचे नियम माहीत आहेत, पण मयताचा कपडा तू कधी शिवला नाहीस म्हणून सांगते. मशीन नाही, हाताने शिवायचा. सरळ धावदोरा. खाली दुमड नाही, खिसा नाही, बटण नाही. आणि दोऱ्याला गाठ मारायची नाही. दोन्ही टोकं तशीच लोंबत सोडायची. काकू म्हणते, गाठीत जीव अडकतो. इस्त्रीवाली म्हणते, तसं काही नाही, घाईचं काम, गाठी मारायला वेळ कुणाला असतो? मी सुई ओवली आणि गाठ मारली. मला कळलंसुद्धा नाही. हात आपला आपण करतो, टोक बोटाला गुंडाळायचं आणि अंगठ्याने घासून सोडायचं. एका बाजूची अर्धी कूस शिवून झाल्यावर इस्त्रीवालीने बोट ठेवून दाखवलं. काकू म्हणाली, तिला इथेच बांधून ठेवायचंय का तुला? सगळ्या बायका बघत होत्या. मी उसवलं. दुसरा दोरा घेतला आणि पुन्हा गाठ मारली. इस्त्रीवालीला हसू आलं, मग मलाही आलं, आणि काकू म्हणाली, हसा, हसा, माझ्या वेळी तर नाचाल. शेवटी इस्त्रीवाली एकेक दोरा ओवून हातात देत गेली आणि मी नुसती शिवत गेले. आत्याने शिकवलेली पहिली गोष्ट न करता मी तिचा शेवटचा कपडा पुरा केला.

शिवता शिवता मला तुझा दिवस आठवत होता. त्या दिवशीही मांजरपाट याच फळीवर होता. तू मशीनवाल्याबरोबर गेलीस हे काकूला आमच्याआधी कळलं होतं. भावोजींना गल्ली अजून मशीनवालाच म्हणते, त्यांनी बसवलेल्या पट्ट्यावर मशीन इतकी वर्षं चालत असली तरी. बायका आल्या त्या मयताला येतात तशाच, हळू, चपला बाहेर काढून. काकू आत्याला म्हणाली, आता तिच्या नावाने आंघोळ कर आणि मोकळी हो. घरातून तुटलेल्या माणसाचा कपडा शिवायचा, घडी घालून ठेवायचा, आणि घरात पुढचं मयत होईल त्याच्या डोक्याखाली तो द्यायचा. एकदा तो जमिनीत गेला की ते माणूस दारात उभं राहिलं तरी ते नसतं. काकू याला सोय म्हणते. आत्या हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिने कापड पसरलं आणि खडूने आखायला लागली. टेप नाही, मापाची वही नाही. बायका एकमेकींकडे बघून म्हणाल्या, बघा, माप बघायचंसुद्धा भान नाही बिचारीला. मग ती खिडकीशी बसली, सगळ्या गल्लीला दिसेल अशी, आणि दिवे लागेपर्यंत हाताने शिवत राहिली. काकू समोरच होती, पण काकू चारचौघांत चष्मा लावत नाही. मी दोरा ओवून देऊ का म्हटलं, तर आत्याने मला भांडी घासायला आत पिटाळलं. शिवून झाल्यावर तिने घडी घातली, पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि किल्ली गळ्यात अडकवली. ती काल आम्ही तिला धुताना काढली.

हे सगळं तुला कुणीतरी सांगितलं. कुणी ते मला माहीत नाही, गल्लीला तोंडं कमी नाहीत. त्यानंतर तू एकदाच फोन केलास. म्हणालीस, माझं शिवून झालंय ना, मग मी कशाला येऊ? मी ते आत्याला सांगितलं. ती काज करत होती. काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला, आणि म्हणाली, पुढचं आण. मी तेव्हा तिच्याकडे बघून ठरवलं, की या बाईच्या आत काही नाही. खरं सांगायचं तर काल दुपारपर्यंत माझं तेच मत होतं.

तर काल दुपारी आत्याला तिचा कपडा घातला, फळीवर ठेवलं, आणि काकू म्हणाली, आता ते आण. ते म्हणजे काय, ते कुणाला सांगावं लागलं नाही. उरलेला मांजरपाट माझ्या खांद्यावर तसाच होता. ते कापड घरात ठेवायचं नसतं, मेलेल्याबरोबरच जायचं असतं. मी किल्ली घेऊन आतल्या खोलीत गेले. पेटीत वरती खडूचा डबा, बोटात घालायचं मोडकं अंगुस्तान, आपल्या आईचा फोटो, आणि तळाला तुझा कपडा. घड्यांवर पिवळा पडलेला. त्याची घडी मोडायची नसते. बाहेरून काकू म्हणाली, सापडलं का गं? मी म्हटलं, हो, सापडलं. मी घडी उचलली आणि अंगठ्याला गाठ लागली.

गाठीचं मी काही मनावर घेतलं नसतं. थोड्याच वेळापूर्वी माझा हात दोनदा चुकला होता, तिचाही चुकला असेल. पण बोट पुढे सरकलं आणि दुसरी गाठ लागली, मग तिसरी. मी दाराला पाठ लावली आणि घडी मोडली. ताई, तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली आहे. मला आणि आत्याला सोडून जगात कुणाला ते माहीत नाही, भावोजींनाही नसेल, कारण आत्या नेहमी तुझ्या डाव्या खांद्याखाली पातळ गादी घालायची. या कपड्याच्या डाव्या खांद्याखाली गादी होती. बगलेत तिरकी पट्टी घातली होती. मशीनवर बसलीस की तुझी बगल काचायची म्हणून ती तुझ्या प्रत्येक कपड्याला घालायची. मेलेल्या माणसाला हात उचलायचा नसतो. दोन्ही कुशींत आत जास्तीचं कापड सोडलं होतं, चांगलं दोन बोटं, आणि पोटाशी त्याहून जास्त. उसवून सैल करता यावं म्हणून आपण सोडतो तसं. मेलेलं माणूस अंगाने भरत नाही. त्याला मूलबाळ होत नाही. हाताला सवयीने गाठ पडते, हे मी कालच बघितलं. पोटाशी जास्तीचं कापड सवयीने पडत नाही. त्यासाठी कापायच्या आधी माणसाचा विचार करावा लागतो, त्याच्या पुढच्या सगळ्या वर्षांचा.

तो कच्चा झगा होता, ताई. चांगलं कापड कापायच्या आधी मांजरपाटात कच्च्या टाक्यांनी शिवून अंगावर घालून बघतो, तो. पुढे ते चांगलं कापड कुठलं असणार होतं ते मला माहीत नाही, पेटीत नव्हतं. सगळी गल्ली खिडकीतून बघत होती आणि ती बसून तुझा ट्रायलचा झगा शिवत होती. रंग तोच, टाका तोच. फरक सगळा आतल्या बाजूला.

एक क्षण वाटलं, बाहेर जाऊन सगळ्यांच्या मध्ये उलगडावा. काकूला चष्मा लावायला लावावा. मग पुढे काय होईल ते दिसलं. आत्या अजून फळीवर होती आणि सगळ्या बायकांनी तिला खोटारडी म्हटलं असतं. आणि काकूने नवा मांजरपाट मागवला असता, मला तिथेच बसवलं असतं, तुझ्या मापाचा शिव म्हणाली असती. आणि या खेपेला तो खराच शिवला गेला असता, माझ्या हातून, गाठ न मारता. बाहेरून काकू म्हणाली, जन्म लावतेस का? मी झगा हँगरवर घातला आणि आतल्या दांड्यावर इतर ट्रायलच्या कपड्यांत अडकवून दिला, नवरीच्या जाकिटाच्या मागे. आपल्या घरात काही लपवायचं तर तीच जागा. खांद्यावरचं उरलेलं कापड घेतलं, त्याची तशीच घडी घातली आणि बाहेर आले.

काकूने ते दोन्ही हातांनी चाचपलं. म्हणाली, एवढंसंच? चांगली उंच होती की कार्टी. मी म्हटलं, कापड वर्षानुवर्षं दबून बसतं. काकूने ते इस्त्रीवालीकडे दिलं. ताई, जिचं आयुष्य घड्या घालण्यात गेलं तिला ताजी घडी कळत नाही असं होईल का? तिने त्यावर एकदा तळवा फिरवला, माझ्याकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाली, जुनं कापड बघा कसं टिकलंय, आता असं मिळत नाही. मग आत्याचं डोकं उचलून खाली सरकवलं.

पुढचं थोडक्यात. फळी चौघांनी उचलली. त्यांत पलीकडच्या गल्लीतला शिंपी होता, ज्याच्याशी आत्या जन्मात नीट बोलली नाही. तो न बोलावता आला, वाकून माझ्या शिवणीकडे बघितलं, आणि शिवण सरळ आहे असं म्हणून रडायला लागला. खड्ड्याशी तिला फळीवरून उतरवलं तेव्हा तिच्या पाठीला खडू लागलेला दिसला. एका कॉलरची अर्धी आखणी. कुणीतरी झटकायला गेलं, मी नको म्हटलं. मग मूठमाती. आधी घरची. काकू माझ्या कानाशी म्हणाली, दोघींचीही नावं घे. मी माती उचलली, आत्याचं नाव घेतलं, टाकली. दुसऱ्या नावाला मला खोकला आला. बराच वेळ थांबेना. आपल्या घरात छातीत धूळ आहेच, कुणाला काही वाटलं नाही. शिंप्याने पाठीवरून हात फिरवला. तुझं नाव राहिलं ते राहिलंच.

रात्रभर सगळे इथेच होते. आज सकाळी पांगले, आणि मी झगा दांड्यावरून काढून बघत बसले. आनंद झाला असं वाटत असेल तर तसं नाही. मला राग आला. तिने तुला इतकी वर्षं कळू दिलं नाही, मला समोर बसवून कळू दिलं नाही. तू तिकडे मेलेली म्हणून जगलीस आणि मी इकडे एका दगडाजवळ बसून जगले, आणि दगडाच्या गळ्यात किल्ली होती. एका शब्दाने भागलं असतं. तो तिच्याकडे नव्हता, की होता आणि गल्लीसमोर काढायची हिंमत नव्हती, ते आता कुणाला विचारायचं? आणखी एक. माझं माप तिने कधी घेतलं नाही. मी समोरच असायचे, माझे कपडे मीच शिवले, कुठे काचलं तर मीच उसवलं. मला ठिगळ म्हणायची, तुझ्या मागे मागे चिकटून असायचे म्हणून. तू गेल्यावरही ठिगळच म्हणत राहिली. पेटीत मी दोनदा शोधलं. माझ्यासाठी काही नव्हतं. हे लिहायचं नव्हतं, पण आता लिहून झालं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तुझं काहीही जमिनीत गेलेलं नाही, कपडा नाही, नाव नाही. गल्लीच्या लेखी मात्र काल तू गेलीस, हे तुला कळलेलं बरं. तू आलीस तर काकू तुझ्या अंगावरून नजर नेईल आणि पलीकडची भिंत बघेल. ते मी बदलू शकत नाही. पण दुकानाच्या लेखी तुझं काम अपुरं आहे. झगा सगळा झालाय, खालचा घेर तेवढा सोडला आहे. तिथे दुमड नाही, नुसत्या टाचण्या आहेत, गंजलेल्या, त्यांचे डाग कापडात उतरले आहेत. घेर जमिनीपासून किती वर घ्यायचा ते माणूस उभं राहिल्याशिवाय ठरत नाही, आणि आत्याने शेवटची ट्रायल झाल्याशिवाय एकही कपडा कधी दुकानाबाहेर सोडला नाही. म्हणून मी तो पार्सल करत नाही. तू मागितलास तरी करणार नाही. ठोकळा आज मी टेबलाखालून काढला आणि पुसला. आरसा सुलटा केला आहे. तू ये आणि उभी राहा, टाचण्या मी लावते.

तुझीच,
ठिगळ